ओळख द्यायला काय जातं? आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मॅनेजिंग कमिटीतले बाकी सगळे

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र ग्रुपवर टाकलं असतं तर वरती कुणाचं तरी गुड मॉर्निंगचं फूल, खाली पार्किंगचं भांडण, मधे आमचं पत्र, त्यावर चार अंगठे आणि एक "पॉइंट नोटेड". झालं, विषय संपला. म्हणून आपल्या लिफ्टच्या नोटिशीबद्दल आणि त्यावरून झालेल्या कामवाल्या बायकांच्या संपाबद्दल उघड्यावर लिहितोय. सोसायटीचं नाव लिहिणार नाही, कुणाचंच नाव लिहिणार नाही, ज्याचं त्याला कळेल. तशा पुण्यात अशा सोसायट्या पायलीचे पन्नास आहेत. मधे हैदराबाद आणि बंगळूरकडच्या अशाच नोटिसा व्हायरल झाल्या होत्या, तेव्हा आपणच ग्रुपवर "काय ही मानसिकता" वगैरे लिहिलं होतं, वर स्क्रोल करून बघा, सापडेल.

आधी माझा गुन्हा कबूल करतो म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. ती नोटीस माझ्याकडे आली होती. सचिवांनी रात्री पाठवली, म्हणाले तुमचं मराठी चांगलंय, एकदा नजर टाका. मी टाकली. "महीला" होतं ते "महिला" केलं, "पाळिव" होतं ते "पाळीव" केलं, एक स्वल्पविराम घातला आणि परत पाठवली. मजकूर असा: घरकाम करणाऱ्या महिला, ड्रायव्हर, डिलिव्हरी बॉय व पाळीव प्राणी यांनी फक्त सर्व्हिस लिफ्टचा वापर करावा, उल्लंघन झाल्यास संबंधित फ्लॅटधारकास रु. ५०० दंड. एका ओळीत महिला आणि पाळीव प्राणी, आणि मी वेलांट्या बघत बसलो. सभेत हात वर केला तोही केलाच.

मग पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्याकडे आलं ते सिक्युरिटी सुपरवायझरच्या रजिस्टरमधून आलं, माझ्याकडे आलं ते माझ्या स्वयंपाकघरातून, त्यामुळे थोडा फरक पडतो. सर्व्हिस लिफ्ट बंद पडली ती नऊ दिवस बंद होती, लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट असलेला एएमसीवाला आज येतो उद्या येतो करत होता. नऊ दिवस त्या बायका जिन्याने चढल्या. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींची तीन घरं आहेत, चौथा मजला, नववा आणि अकरावा. (वयाने त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला काका, याचा हिशोब मी कधी लावला नव्हता.) शेवटच्या, नवव्या दिवशी त्या मेन लिफ्टने गेल्या, कॅमेऱ्यात दिसल्या, दंड लागला. मी घरी आल्यावर जरा वैतागूनच म्हणालो, अहो मावशी, इतके दिवस चढलात, आजच कशाला गेलात त्या लिफ्टने? त्यावर त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं देतो:

"चढलेच असते की काका, रोज चढतच होते. मी नुसती लिफ्टच्या समोरून जिन्याकडे चालले होते. आत पोरगं होतं, त्यानं मला बघितलं, चांगलं बघितलं, आणि दार बंद करायचं बटण दाबलं. मी येते का नाही ते पण बघितलं नाही हो. मग म्हटलं आता जायचंच."

तो मुलगा कोणाचा ते मी लिहीत नाही. त्याच्या घरी या मावशींनी चार वर्षं स्वयंपाक केलाय एवढं सांगतो. आणि त्या पोराला तरी काय बोलणार, त्याने लिफ्टशेजारी चिकटवलेली नोटीस वाचलेली होती, शुद्ध मराठीत होती ती.

मग संप झाला. संप म्हणजे काय, युनियन नाही झेंडा नाही, गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी पंधरा-वीस जणी उभ्या राहिल्या आणि आत आल्या नाहीत. चार दिवस. पहिल्या दिवशी माझ्याच घरात मला पोळपाट सापडेना, बायकोला ऑफिसात फोन लावला तर ती म्हणाली मावशींना विचार. ग्रुपवर तर काय एकेक, "यांना डोक्यावर चढवलं की हेच होतं", "एजन्सीकडून आणू", "दंड माफ करा आणि वर शंभर-दोनशे वाढवून द्या, संपवा एकदा". तेही देऊन झालं, दंड माफ करायची तयारी दाखवली, दिवाळीत जास्तीचा बोनस कबूल केला, तरी त्या हलेनात. तेव्हा सचिवसाहेब तुम्ही अगदी मनापासून विचारलंत, मी तिथेच होतो, "अहो पण मग पाहिजे काय यांना नक्की?"

मला तुमचा राग नाही आला त्या प्रश्नाचा, कारण खरंच कळत नव्हतं तुम्हाला. मलाही नव्हतं. पैसे देतोय, दंड माफ करतोय, लिफ्ट दुरुस्त झालीये, आता भांडण उरलंय कशाचं? हे पत्र त्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचा.

त्यांच्या मागण्या दोनच होत्या. एक, ती नोटीस काढा. दोन, कमिटीतल्या कोणीतरी खाली येऊन आमच्याशी बोला. पहिली तुम्ही जवळपास मान्य केली होती. अडलं ते दुसरीवर. "सुपरवायझरला सांगा त्यांना, तो आमच्यापर्यंत पोचवेल, आम्ही कशाला गेटवर जायचं", हे तुमचे शब्द.

आपल्या मराठीत एक फार भारी बोलणं आहे, "ओळख दिली नाही". रस्त्यात माणूस समोरून येतो, आपल्याला बघतो, आणि तसाच पुढे जातो, तेव्हा आपण घरी येऊन म्हणतो, बघ, ओळखसुद्धा दिली नाही. म्हणजे तो ओळखत नाही असं नाही, ओळखतो, पण देत नाही. आणि ओळख ही द्यायची गोष्ट आहे, पैशासारखी, पाण्यासारखी, हे आपल्या भाषेला पक्कं माहीत आहे. लग्नाकार्यात ओळख दिली नाही म्हणून भाऊबंदकी वीस-वीस वर्षं चालते, जमिनीवरून सुरू झालेलं भांडण मिटतं पण हे मिटत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे.

मी १९९४ साली समाजशास्त्रात एमए केलं आणि मग आयुष्यभर बँकेत कर्जवसुली केली (तिथेही कोणी ओळख देत नाही, तो भाग वेगळा). एमएला हेगेल हा जर्मन तत्त्वज्ञ होता, परीक्षेपुरता. १८०७ सालच्या त्याच्या पुस्तकात मालक आणि गुलामाची एक गोष्ट आहे, म्हणजे गोष्ट नाही, युक्तिवाद आहे, पण गोष्टीसारखीच लक्षात राहते. दोन माणसं समोरासमोर येतात, दोघांनाही वाटतं समोरच्याने मला मानलं पाहिजे, जुंपते, एक जण जिवाच्या भीतीने माघार घेतो तो गुलाम, दुसरा मालक. आता मालकाला मान मिळाला खरा, पण मिळाला कोणाकडून, तर ज्याला तो स्वतः माणसात धरत नाही त्याच्याकडून. मी बँकवाला, मला हे असं कळतं की ज्या बँकेला आपण बँकच मानत नाही तिचा चेक हातात आहे, रक्कम मोठी आहे, पण वटणार कुठे? आणि तिकडे गुलाम काम करतोय, वस्तू घडवतोय, त्या वस्तूत त्याला स्वतःचा हात दिसायला लागतो, आणि मालक हळूहळू पोळपाट कुठे आहे ते विसरतो. हेगेलचं म्हणणं असं की ओळख एकतर्फी चालत नाही, ती दोन्हीकडून असली तरच ती ओळख.

आता तुम्ही म्हणाल की गुलाम वगैरे फार झालं, कोण कोणाला गुलाम करतंय, पगार देतो आपण. बरोबर आहे. आणि इथे फ्रान्झ फॅनन नावाच्या माणसाचं म्हणणं मला जास्त पटतं. हा कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा, काळा, पेशाने मनोविकारतज्ज्ञ, १९५२ मध्ये त्याने लिहिलं की हेगेलच्या मालकाला निदान गुलामाकडून मान तरी हवा असतो, वसाहतीतल्या मालकाला तोही नको असतो, त्याला फक्त काम हवं असतं. हे वाचलं आणि मला आपलं गेटवरचं ॲप आठवलं. त्या ॲपमध्ये आपण त्या बायकांना स्टार देतो, पाचपैकी साडेतीन, "पंक्चुअल", "गुड ॲटिट्यूड". त्यांना आपल्याला स्टार द्यायची सोय नाही, कोणी मागितलीही नाही, कारण त्यांचं आपल्याबद्दल काय मत आहे हे आपल्याला नकोच आहे. सकाळी गेटवर मशीन त्यांचा चेहरा ओळखतं, टिंग वाजतं, हिरवा दिवा लागतो. मशीन ओळखतं! आपण तीच बाई लिफ्टपाशी दिसली की मोबाईलमध्ये बघतो.

माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर "मावशी पोळ्या" असा सेव्ह होता. वरती "मावशी भांडी जुन्या" आणि खाली "मिक्सर रिपेअर". सात वर्षं. संपाच्या तिसऱ्या दिवशी पूर्ण नाव विचारलं तर त्या हसल्या, म्हणाल्या कशाला, तक्रार करायचीये का? हे ऐकायला बरं वाटत नाही. नाव इथे लिहीत नाही कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय.

आता जरा आपल्याच सोसायटीचा इतिहास आठवा. ताबा दोन वर्षं उशिरा मिळाला, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, अजून नाही. बिल्डरच्या ऑफिसला आपण अकरा जण गेलो होतो, अध्यक्षसाहेब तुम्ही होतात, मी होतो. रिसेप्शनपाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोन तास बसवलं. मग तो स्वतः आला, आपल्या समोरून केबिनमध्ये गेला, बघितलं त्याने आपल्याकडे, शंभर टक्के बघितलं, आणि आत गेला. थोड्या वेळाने साइट ऑफिसचा एक पंचविशीतला मुलगा बाहेर आला, म्हणाला तुमचं काय असेल ते मला सांगा, मी सरांपर्यंत पोचवतो. आपण सगळे पन्नाशीचे, डॉक्टर, इंजिनियर, रिटायर्ड अधिकारी. खाली आल्यावर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "पैसे बुडाले तर बुडाले, पण बोलायला तरी यायचं होतं त्याने." तुमचा आवाज कापत होता. एरवी आपण एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदू शकत नाही, पण सोसायटी म्हणून उभे राहिलो ते त्या खुर्च्यांमुळे.

जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या परंपरेतला एक तत्त्वज्ञ आहे, अक्सेल होनेथ, त्याने १९९२ मध्ये हेगेलचं जुनं सूत्र पकडून असंच मांडलं की समाजातली भांडणं नुसत्या पोटासाठी किंवा फायद्यासाठी होत नाहीत, बऱ्याचदा मुळाशी अपमान असतो, आपल्याला मोजलं नाही ही भावना असते, आणि ती एकट्याची न राहता "आपल्या सगळ्यांचीच आहे" असं कळलं की तिची चळवळ होते. तुमच्याकडे ते बिल्डरच्या ऑफिसात झालं, त्यांच्याकडे वडापावच्या गाडीपाशी.

आणि हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मेम्फिस शहर, १९६८. कचरा उचलणारे कामगार, जवळपास सगळे काळे. १ फेब्रुवारीला पाऊस होता म्हणून दोघे जण कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आसऱ्याला बसले, कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघेही त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला साधारण तेराशे कामगारांनी काम बंद केलं. पगार कमी होता, सुरक्षा नव्हती, हे सगळं मागण्यांत होतंच. पण त्यांनी छातीवर धरलेल्या पाट्यांवर काय लिहिलं होतं? पगारवाढीचा आकडा नव्हता. "आय ॲम अ मॅन." मी माणूस आहे, बास, एवढंच. आणि अडलं कुठे? महापौर हेन्री लोएब म्हणाले की मी युनियनला मान्यता देणार नाही. म्हणजे परत तेच, बोलणार कोणाशी. मार्टिन ल्यूथर किंग तिथे याच संपासाठी गेले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला तडजोड झाली, युनियनला मान्यता आणि पगारवाढ. दोन महिने एका शहराचा कचरा रस्त्यावर पडला, एवढं सगळं झालं, आणि ज्या गोष्टीला पहिल्या दिवशी एक पैसा लागला नसता ती शेवटी द्यावीच लागली.

मेम्फिस लांब वाटत असेल तर महाड घ्या, ते आपल्या दर मे महिन्याच्या कोकणच्या रस्त्यावर आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं व्यवस्थित. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग मारहाण झाली, मग तळं "शुद्ध" केलं गेलं, शेण-गोमूत्राने, गाईच्या! म्हणजे प्राण्याच्या मुताने पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीने बाटतं. (आपली नोटीस आणि त्यातली ती एक ओळ, मी परत परत तिथेच येतोय, माफ करा.) त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी साफ सांगितलं की चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार आहोत असं नाही, इतके दिवस ते न पिता आपण काही मेलो नव्हतो, आपण तिथे जायचं ते इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे दाखवायला. पुढे कोर्टात दहा वर्षं गेली, हायकोर्टाचा निकाल १९३७ चा.

"पाहिजे काय यांना नक्की" याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालंय आणि तेही मराठीत.

मी हॉस्टेलला असताना, त्याच १९९४ च्या जानेवारीत, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. विधिमंडळाचा ठराव होता १९७८ चा, सोळा वर्षं लागली, त्यात घरं जळली, माणसं गेली. आणि मी मेसमध्ये बसून म्हणायचो, अरे नावाने काय होतं, त्यापेक्षा नोकऱ्या मागा. समोरचा एक मित्र एकदा म्हणाला, नावाने काही होत नसेल तर मग तुम्ही अडवताय कशाला? माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

पण म्हणून सगळं सरळ आहे असं नाही, आणि मी त्या बायकांची आरती करायला बसलेलो नाही. संपाच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीपाशी गेलो तेव्हा तिथेही एक भांडण चालू होतं. स्वयंपाक करणाऱ्या एक बाई म्हणत होत्या, आमचं वेगळं धरा, आम्ही काय कचऱ्याचे डबे घेऊन जात नाही, त्या कचरेवालीबरोबर एका लिफ्टमध्ये आम्हाला कशाला कोंबता? आणि कचरा उचलणाऱ्या ताई दोन हात लांब उभ्या होत्या, ऐकत होत्या. वॉचमन या सगळ्यांवर ओरडतो, सुपरवायझर वॉचमनवर, आपण सुपरवायझरवर, बिल्डर आपल्यावर. हेगेलच्या गोष्टीत दोनच माणसं आहेत म्हणून ती सोपी आहे. आपल्याकडे उतरंड आहे, प्रत्येक मडक्याला खाली एक मडकं आहे. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे ते हेच, प्रत्येकाला खालचा कोणीतरी मिळाला की वरच्याविरुद्ध एकत्र यायची इच्छाच मरते. आणि यात जात नाही असं आपण म्हणू नये, २०१७ मध्ये याच पुण्यात एका बाईंनी पोलिसात तक्रार दिली होती की स्वयंपाकाच्या बाईंनी जात लपवून आमचा सोवळ्यातला स्वयंपाक केला. आपल्या नोटिशीत जात लिहिलेली नाही, लिहायची गरज पडली नाही. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते अशी यादी आहे. लिफ्ट नाहीये त्यात. १९५० मध्ये कोणाला सुचणार होतं.

त्या स्वयंपाकाच्या बाई चौथ्या दिवशी कचऱ्याच्या ताईंच्या शेजारी उभ्या होत्या. काय झालं मधे मला माहीत नाही. बहुतेक काही नाही, ऊन वाढलं आणि सावली एकाच झाडाची होती.

आता आपलं आवडतं वाक्य. "आम्ही तर त्यांना अगदी घरच्यासारखं वागवतो." होनेथ म्हणतो ओळखीचे तीन प्रकार, जवळच्या माणसांकडून मिळते ती माया, कायद्याने मिळतो तो हक्क, आणि समाजाकडून आपल्या कामाला मिळते ती किंमत. आपली युक्ती अशी की आपण पहिली थोडीशी देतो, साडी देतो, दिवाळीचा फराळ देतो, पोराला जुनी सायकल देतो, आणि त्या बदल्यात दुसरी आणि तिसरी गिळून टाकतो. घरच्यासारखी, पण चहाचा कप वेगळा. घरच्यासारखी, पण सोफ्यावर नाही. घरच्यासारखी, पण आजारी पडली तर खाडा. मे महिन्यात आपण पंधरा दिवस फिरायला जातो तेव्हा अर्धा पगार देतो, म्हणजे सुट्टी आपली आणि खाडा त्यांचा! हे मीही केलंय, दोन वर्षांच्या मे महिन्यांत.

म्हणूनच नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन विदुषी होनेथशी भांडल्या, २००३ मध्ये दोघांनी मिळून तो वाद छापलाच. त्यांचं म्हणणं, नुसता मान मान करू नका, पैशाचं वाटप हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मानाच्या गोड बोलण्याखाली दबतो. त्यांची कसोटी मला जास्त कामाची वाटते: लोकांना एकमेकांच्या बरोबरीने त्या जागी वावरता येतंय का, बोलता येतंय का? वाईट वाटलं का बरं वाटलं हे विचारू नका, बरोबरीने बसता येतं का ते बघा. म्हणजे उद्या आपण नोटीस काढून "आदरणीय गृहसहाय्यिका" असं छापलं आणि खाडा तसाच ठेवला, तर ती नुसती शुद्धलेखनाची दुरुस्ती होईल. ती मी करून बसलोय एकदा.

पुण्यातच याचं दुसरं टोक बघायला मिळतं. कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, बाबा आढाव आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांच्या साथीने, तेच बाबा आढाव ज्यांनी "एक गाव एक पाणवठा" केलं होतं. त्यांनी सुरुवातीला जे मिळवलं त्यातलं एक म्हणजे ओळखपत्र, महापालिकेने मान्य केलेलं. बाहेरच्याला वाटेल, प्लॅस्टिकचं कार्ड, त्यात काय. पण गळ्यात कार्ड असलेल्या बाईला पोलीस चोर समजून हटकत नाही, हा फरक. मग पुढे त्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी रीतसर करार झाला. आपल्या गेटवरचं कार्डसुद्धा ओळखपत्रच आहे म्हणा, पण ते कशासाठी आहे, ती बाई कधी आली कधी गेली हे आपल्याला कळायला. तिला त्यातून काही मिळत नाही. एक ओळख पाळत ठेवते आणि एक दार उघडते.

घरकाम करणाऱ्यांसाठी राज्याचा २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी होते. आपल्या सोसायटीत किती जणींची झालीये ते मी विचारलं, उत्तर आलं, ते काय असतं?

आता तुमच्या अडचणी, त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. सकाळी आठ ते दहा लिफ्टला गर्दी असते, खरं आहे. ओल्या कचऱ्याचा डबा सांडला की वास येतो, खरं आहे. गाद्या, सिलिंडर, कपाटं, कचऱ्याचे डबे सर्व्हिस लिफ्टने जाऊ द्यात, कोणीही नेत असो, मी नेला डबा तरी मीही त्याच लिफ्टने जाईन. लिफ्ट वेगळी करायची तर सामान बघून करा. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला "तू कोण" असं विचारून करू नका. एवढाच फरक आहे, आणि या फरकाला खर्च शून्य आहे, खजिनदारांनी नोंद घ्यावी.

आणि फार वेळ आहे असंही समजू नका. नाशिकला काळाराम मंदिरासमोर १९३० पासून सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. देवळात या म्हणायची वेळ आली तोवर येणाऱ्यांनी रस्ता बदलला होता. दारात उभा असलेला माणूस कायम उभा राहत नाही. आपल्याकडच्या दोघी जणी गेल्या आठवड्यात पलीकडच्या सोसायटीत लागल्या. पगार तोच आहे, मी विचारलं. लिफ्ट एकच आहे तिथे, जुनी, जाळीच्या दाराची.

रविवारी सकाळी अकराला विशेष सभा लावलीये, अजेंडा आलाय, विषय क्र. ४ "मेड इश्यू". माझी विनंती एवढीच की विषय ४ आधी घ्या आणि त्यांच्यापैकी दोघींना क्लबहाऊसमध्ये बोलवा, सुपरवायझरमार्फत नाही, अध्यक्षांनी किंवा सचिवांनी स्वतः गाडीपाशी जाऊन. त्यांना आधी बोलू द्या, मग आपण. त्या काय बोलतील मला माहीत नाही, कदाचित मला आवडणार नाही असंही बोलतील, खाड्याचं तर नक्कीच काढतील. खुर्च्या मी मांडतो, नेहमीच्या साठ आणि दोन.

कळावे, लोभ असावा.
आपला,
सी विंग, नववा मजला

ता. क. या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात "दंड, सी-९०४ ची मेड, लिफ्ट वापर, रु. ५००" असं आलंय. माफ करायची तयारी दाखवली होतीत तरी बिलात आलाच, असो, मी भरलाय, पगारातून कापलेला नाही. पण पावतीवरही तेच लिहिलंय. पावती सोबत परत करतोय. नाव विचारून घ्या आणि नाव घालून नवीन द्या, त्यांना हवी आहे, त्या म्हणाल्या फाईलला लावून ठेवते.